लेझीम हातात देण्याआधी ताल पायात उतरू द्या

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पाचवी ते सातवीची 52 मुलं. शाळेत 30 लेझमी, त्यातल्या सहा-सात मोडक्या. 26 जानेवारीला गावासमोर कार्यक्रम, हातात आठ आठवडे, आठवड्याला 35 मिनिटांचे दोन तास. मोबाइल स्पीकरला जोडून तुम्ही गाणं लावता. पुढच्या रांगेतली आठ-दहा मुलं बरोबर करतात, मागची त्यांच्याकडे बघून करतात आणि सारखी मागे पडतात. बारा मुलं काही केल्या तालात येत नाहीत, तर त्यांना झेंडे देऊन कडेला उभं करावं का, आणि नव्या लेझमी मागवाव्यात का, हे तुम्हाला विचारायचं आहे. शारीरिक शिक्षणाचं प्रशिक्षण झालेलं नाही, विषय वाटणीत तुमच्याकडे आला, हेही तुम्ही लिहिलंत. त्याची काळजी करू नका. तुम्हाला स्वतःला टाळी वाजवत चालता येत असेल, तर हे शिकवता येईल.

महत्त्वाचं आधी सांगतो. त्या बारा मुलांना कडेला काढू नका.

मी दक्षिण महाराष्ट्रात एका माध्यमिक शाळेत 31 वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं. पहिली आठ-नऊ वर्षं मीही हेच करत होतो. गॅदरिंग जवळ आलं की चुकणारी मुलं वेगळी काढायची, कुणाला झेंडा, कुणाला पडद्याची दोरी, कुणाला खुर्च्या मांडायचं काम. त्यातला एक मुलगा तीन वर्षं झेंडाच धरत होता. अंगानं दणकट, पण हातात लेझीम दिली की त्याचा हात एकीकडे आणि पाय दुसरीकडे. मी त्याला 'बेताल' ठरवून मोकळा झालो होतो. मग एका उन्हाळ्यात त्यांच्या घराचा स्लॅब होता. मी सहज म्हणून गेलो. मिक्सर फिरत होता, खालपासून वरपर्यंत माणसांची साखळी लागलेली आणि घमेली हातोहात वर जात होती. साखळीच्या मधोमध तो उभा. डावीकडून घमेलं घ्यायचं, कमरेत वळायचं, उजवीकडे द्यायचं, मोकळ्या हातांनी परत डावीकडे. घेतलं, दिलं. घेतलं, दिलं. अशा साखळीत एकाचा ठेका चुकला की पुढच्याच्या पायावर घमेलं पडतं. तासभर मी पाहत होतो. तो एकदाही चुकला नाही. शेजारचा माणूस दमून मागे पडायला लागला, तेव्हा यानंच आपली गती किंचित कमी करून त्याला सांभाळून घेतलं.

त्या दिवशी मला माझी चूक कळली. पोराच्या अंगात ताल होता. मी त्याला ज्या दारातून आत बोलवत होतो, ते दार त्याच्यासाठी अरुंद होतं. तीन वर्षं त्याला झेंडा धरायला लावला याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून हे इतकं लांबण लावून लिहितो आहे.

आता तुमच्या मैदानावर नेमकं काय होतंय ते बघू. लेझीम हातात असलेल्या मुलाला एकाच वेळी किती गोष्टी कराव्या लागतात? गाण्यातला ठेका ऐकायचा, पाय टाकायचा, हात उघडायचे-मिटायचे, पुढचा हात कोणता ते आठवायचं, रांग सांभाळायची. त्यात तीस लेझमींचा खळखळाट, त्याखाली तुमच्या स्पीकरचा आवाज गाडला जातो. मागच्या रांगेला गाणं ऐकूच येत नाही. म्हणून ती मुलं कानांऐवजी डोळे वापरतात, पुढच्याचा हात हलला की आपला हलवतात. बघून केलेली हालचाल नेहमी उशिराच होणार, कारण पुढच्यानं केल्याशिवाय दिसणारच नाही. मागची मुलं आळशी नाहीत. त्यांना ठेका पोचतच नाही, आणि तो अजून त्यांच्या अंगातही बसलेला नाही.

म्हणून माझा क्रम असा: आधी पाय, मग तोंड, मग टाळी, मग रिकामे हात आणि सगळ्यात शेवटी लेझीम. तुमच्या सोळा तासांपैकी पहिले सहा तास लेझमी कपाटातच राहू देत. मुख्याध्यापक विचारतील, "सराव कधी सुरू करणार?" त्यांना सांगा, सुरू झालाय.

पहिल्या तासाला फक्त चालणं. एक पत्र्याचा डबा आणि एक काठी घ्या. मुलांना मैदानात मोकळं सोडा, रांगा नकोत. डब्यावर तुम्ही ठोका देता, मुलं ठोक्यागणिक एक पाऊल टाकत हवं तिकडे चालतात, कुणाला धक्का न लावता. डबा थांबला की मुलं जागच्या जागी थांबतात. एवढंच. स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा इथल्या संगीत विद्यालयात एमिल जाक-दालक्रोझ नावाचे शिक्षक होते. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांना हीच अडचण आली होती. विद्यार्थी स्वरलिपी बिनचूक वाचायचे, पण वाजवताना लय धरता यायची नाही. त्यांनी विद्यार्थ्यांना वाद्यापासून उठवून संगीतावर चालायला लावलं आणि त्यातून ताल शिकवण्याची एक आख्खी पद्धत उभी राहिली. आपल्याकडे दिंडीत चालणाऱ्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. टाळ-मृदंगाच्या मागे मैलभर चाललं की पावली आपोआप पडायला लागते. तुमच्या गावातून दिंडी जात असेल तर मुलांना ते नक्की विचारा. काही जण लगेच करून दाखवतील, आणि त्यात तुमच्या बारांपैकीही एखादा निघेल.

इथे सगळ्यांची एक चूक होते, ती आधीच सांगून ठेवतो. शिकवताना आपण ठेका फार संथ ठेवतो. वाटतं, हळू म्हणजे सोपं. मुलांच्या बाबतीत उलट होतं. दोन ठोक्यांमधलं अंतर वाढलं की मधल्या रिकाम्या वेळेत काय करायचं हे त्यांना कळत नाही, आणि ती पुढच्या ठोक्याआधीच पाय टाकून मोकळी होतात. लहान मुलांची स्वतःची चालच मोठ्यांपेक्षा जलद असते. एनसीसीच्या 'तेज चल'मध्ये मिनिटाला साधारण 120 पावलं पडतात. पाचवी-सहावीची मुलं आपल्याच नादात चालू द्या, ती त्याच्या आसपासच चालतात. तुम्ही 100 ते 110 नं सुरुवात करा. घड्याळ लावून 15 सेकंदांत 25 ठोके आले की मिनिटाला 100 झाले. मुलं स्थिरावली की मग 80 पर्यंत खाली उतरा. संथ लय ही वरची इयत्ता आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या तासाला तोंड उघडायचं. मी खाण्याचे शब्द वापरायचो, कारण ते विसरत नाहीत आणि त्यांची लांबी मुलांच्या जिभेवर असतेच. ठोका तोच ठेवा आणि एका ठोक्यात एक शब्द म्हणायचा. 'भेळ' म्हटलं की ठोक्याला एक आवाज. 'पोहे' म्हटलं की त्याच ठोक्यात दोन. 'भाकरी' म्हटलं की तीन. 'कांदेपोहे' म्हटलं की चार. आधी बसून म्हणायचं, मग ठोक्याला पाऊल टाकत म्हणायचं, मग शब्द मनात ठेवून टाळीनं वाजवायचं. मग ओळी करायच्या: भेळ, भेळ, पोहे, भेळ. किंवा पोहे, पोहे, कांदेपोहे, भेळ. एका गटानं ओळ रचायची, दुसऱ्यानं टाळीत ओळखायची. चौथ्या तासापर्यंत मुलं स्वतः नवनवे पदार्थ आणतील. 'भाकरी'शी मात्र ती अडखळतात. एका ठोक्यात तीन समान भाग करणं अवघड जातं आणि त्यांची 'भाकरी' हळूच 'भाक-री' होते, म्हणजे एक लांब आणि एक आखूड. लगेच दुरुस्त करू नका. पाय ठोक्यावर पडतोय ना, तेवढं बघा. तोंड पायाच्या मागून येतं.

हे सगळं करताना हिशेबाचा खेळ होऊ देऊ नका. मात्रा, दुगुण, चौगुण हे शब्द तुम्हाला माहीत असतील तर चांगलंच, पण मुलांना ते नंतर सांगा, आधी अंगात येऊ देत.

मग घमेल्यांची साखळी. स्लॅबवरून परतल्यावर मी ती तासात आणली आणि निवृत्त होईपर्यंत सोडली नाही. दहा-बारा मुलं एका ओळीत शेजारी-शेजारी, हातभर अंतरानं. एका टोकाला दप्तरांचा ढीग. पहिल्या ठोक्याला डावीकडून दप्तर घ्यायचं, दुसऱ्याला उजवीकडे द्यायचं. ओळ तोंडानं म्हणते: घेतलं, दिलं, घेतलं, दिलं. आधी एकच दप्तर फिरवा. मग दर चार ठोक्यांनी एक नवं सोडा. मग दर दोन ठोक्यांनी एक, म्हणजे आता प्रत्येकाच्या हातांना सतत काम आहे. दप्तर पडलं तर कुणाला ओरडायचं नाही. उचलून बाजूला ठेवायचं आणि साखळी चालू ठेवायची. या खेळात उशीर करणाऱ्या मुलाला शिक्षकानं काही सांगावं लागत नाही, शेजाऱ्याचे पसरलेले हात त्याला सांगतात. कमरेतून वळणं, गुडघे सैल ठेवणं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेणं, हे लेझमीला लागणारं सगळं यात न शिकवता येतं. मात्र दप्तरं हलकी असू देत, पुस्तकं काढून ठेवा.

आता लेझमीकडे येऊ. लेझीम हा शब्द फारसीतून आला. तिकडे तालमीत ताकद कमावण्यासाठी वापरायच्या धनुष्याचं ते नाव. आपल्याकडच्या जुन्या तालमींतही बांबूच्या धनुकलीला जड साखळी लावलेली लेझीम असायची आणि ती खेळली की दंड-मांड्या भरून यायच्या. शाळेतली लेझीम म्हणजे त्याच व्यायामाचं हलकं रूप: दोनेक वितींचा लाकडी दांडा, चकत्या ओवलेली साखळी, साखळीच्या मध्ये धरायला मूठ. हे सांगायचं कारण असं, की बऱ्याच शाळांत मुलं ताठ उभी राहून नुसतं मनगट हलवतात. त्यात ना व्यायाम होतो ना ताल बसतो. गुडघे थोडे वाकलेले, वजन तळपायाच्या पुढच्या भागावर, वाकताना कंबर आणि गुडघे दोन्ही मोडलेले. गुडघे ताठ ठेवून पाठीतून झटका देऊन वाकणारं मूल दिसलं की लगेच थांबवा. लहान वयातही कंबर धरते.

सातव्या तासाला लेझीम द्या, पण बसून. सगळ्यांनी मांडी घालायची, लेझीम मांडीवर. तुमच्याकडे धड लेझमी तेवीस-चोवीसच आहेत, म्हणजे दोघांत एकही पुरी होत नाही. हरकत नाही. एक खेळतो, दुसरा समोर बसून त्याला टाळी देतो, आठ ठोके झाले की अदलाबदल. ज्या दोन-तीन जोड्यांना लेझीमच नाही, त्या टिपऱ्या घेतील. खरं सांगायचं तर 52 मुलांना 52 लेझमी मिळाल्या असत्या तरी मी निम्म्याच बाहेर काढल्या असत्या. टाळी देणारं मूल ताल जास्त चांगलं शिकतं, कारण त्याला दुसऱ्याचा ताल सांभाळायचा असतो.

आवाज स्वच्छ येतोय का बघा. साखळी ताणली गेली की 'छन्न', सैल सोडली की 'छुक'. बरीच मुलं नुसती हलवत राहतात, मग सगळा खुळखुळा होतो आणि त्यात ठोका हरवतो. पहिली तालीम शांततेची: पाच ठोके लेझीम अजिबात न वाजवता धरायची, सहाव्याला एकच स्वच्छ आवाज. लेझीम हातात असलेल्या सगळ्या मुलांचा तो एक 'छन्न' एकत्र पडला की मुलांच्या चेहऱ्यांकडे बघा. माझ्या मते आठ आठवड्यांतला हाच सगळ्यात मोठा क्षण आहे, प्रजासत्ताक दिनाचा कार्यक्रम नंतर.

हात, म्हणजे लेझमीच्या हालचालींचे ठरलेले प्रकार, कोणते घ्यावेत, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. चार आवाज, एक जागा, आदी लगाव, पवित्रा, दोरुख, आगे पाव, आगे फलंग अशी बरीच नावं तुमच्या कानांवर येतील. सगळे बसवायच्या मागे लागू नका. आठ आठवड्यांत चार आवाज, एक जागा, पवित्रा आणि पुढे-मागे पाऊल टाकण्याचा एखादा हात एवढे पुरेत. चार हात बावन्न मुलांनी एका लयीत केलेले, बारा हात वीस मुलांनी केलेल्यापेक्षा केव्हाही चांगले. आणि प्रत्येक हात आधी रिकाम्या हातांनी, तोंडानं मोजत, मग टाळीनं, मग लेझमीनं. घाई झाली की एक पायरी मागे या. त्यात कमीपणा नाही.

दाखवताना तुम्ही मुलांकडे तोंड करून उभ्या राहत असाल तर तुमचा उजवा त्यांना डावा दिसतो. पाय दाखवताना पाठ करून उभ्या राहा. पहिले दोन आठवडे सगळ्यांच्या उजव्या मनगटाला धागा बांधा, सगळ्यांच्या, फक्त चुकणाऱ्यांच्या नाही. आणि दर तासाला रांगा फिरवा. आजची पुढची रांग उद्या मागे. पहिल्या दिवशी गोंधळ उडेल, तो उडू द्या. पुढच्याच्या कुबडीवर चालणारी मुलं त्याशिवाय उभी राहत नाहीत. सहाव्या आठवड्यात एकदा सगळ्यांना डोळे मिटून आठ ठोके खेळायला लावा. कुणाच्या अंगात ताल बसलाय आणि कोण अजून बघून करतंय, ते त्या आठ ठोक्यांत कळतं. अर्थात जागच्या जागी, पावलं न टाकता, आणि मध्ये हातभर जास्त अंतर ठेवून.

स्पीकरवरचं गाणं मात्र काढून टाका, निदान सरावातून तरी. गाणं मुलांसाठी थांबत नाही. कुणी अडखळलं तर गाणं पुढे निघून जातं आणि ते मूल तिथेच सुटतं. शिवाय चित्रपटगीतांत सुरुवातीचे तुकडे, मधले बदल, कुठे ठेका गायब, कुठे दुप्पट. गावात हलगी वाजवणारं कुणी आहे का विचारा. आमच्या भागात लेझमीला हलगी, घुमकं हे चर्मवाद्य आणि झांजेसारखं कैताळच लागतं, त्याशिवाय ती खेळल्यासारखी वाटत नाही. हलगीची एक जाड आणि एक बारीक काठी असते. जाडीचा ठोका म्हणजे पाऊल, बारकीची थरथर म्हणजे मधलं भरणं. म्हणजे आपले भेळ आणि कांदेपोहे दोन्ही एकाच वाद्यात! वाजवण्याआधी हलगीवाले ती जाळावर धरून शेकतात, कातडं ताणलं की तिचा आवाज टणत्कारतो. तो शेकण्याचा कार्यक्रम मुलांसमोर होऊ द्या. आधी वाजवून दाखवा म्हणावं, मग शेकून पुन्हा. मुलं तो फरक जन्मभर विसरत नाहीत.

एक विनंती करतो. हलगी ही परंपरेनं मातंग समाजानं जपलेली कला आहे. गावं वाजवून घेतात आणि वाजवणाऱ्याला पायरीखाली उभं करतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमच्या शाळेत तसं होऊ देऊ नका. त्यांना खुर्ची द्या, मुलांना त्यांची ओळख 'आपले गुरुजी' म्हणून करून द्या, मानधन ठरवा आणि ते कार्यक्रमाच्या दिवशी सगळ्यांसमोर द्या. वर्गात त्यांच्या घरचं मूल असेल तर त्याची मान त्या दिवशी किती उंच होते, तेही तुम्हाला दिसेल.

हलगी मिळालीच नाही तर डबा चालेल, पिंप चालेल, शाळेचा जुना ढोल चालेल. वाजवणारा माणूस समोर हवा, म्हणजे तो मुलांकडे बघून थांबू शकतो, हळू होऊ शकतो.

तो माणूस उभा कुठे करायचा? मुलांच्या मधोमध. मोठ्या मैदानावर तर हे फारच महत्त्वाचं. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. तालुक्याच्या कार्यक्रमात आम्ही अनेक शाळांची चारशेच्या वर मुलं एकत्र खेळवायचो, पुढच्या-मागच्या रांगेत पन्नासेक मीटरचं अंतर. वाद्य व्यासपीठाजवळ ठेवलं तर शेवटच्या रांगेला ठोका जवळजवळ दीड दशांश सेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला 120 ची लय असेल तर दोन ठोक्यांत अर्धाच सेकंद असतो, म्हणजे ठोक्याचा चांगला चौथा भाग गेला. मग त्या रांगेच्या लेझमींचा आवाज परत व्यासपीठापर्यंत यायला पुन्हा तेवढाच वेळ. पाहुण्यांना वाटतं मागची मुलं चुकली. 1982 साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या उद्घाटनात महाराष्ट्राची लेझीम झाली, तेव्हा एवढ्या मोठ्या मैदानावर ती एका लयीत दिसली याचं कौतुक मला यामुळेच वाटतं. तुमची 52 मुलं पंधरा मीटरच्या चौकोनात मावतील, तिथे हा फरक फारसा जाणवणार नाही. पण वाद्य मध्ये असलं की ते सगळ्यांना सारखं ऐकू येतं आणि स्पीकरची गरज उरत नाही.

आता तुमची बारा मुलं. ती एकाच कारणानं चुकत असतील असं मला वाटत नाही. काही जण घाई करणारे असतात. ठोका ऐकण्याआधीच हात गेलेला असतो, बहुतेक वेळा उत्साहानं. त्यांना वाजवणाऱ्याच्या शेजारी उभं करा किंवा डबाच त्यांच्या हातात द्या. दुसऱ्यांना चालवायची जबाबदारी आली की ती थबकतात. काहींचे पाय बरोबर असतात, फक्त हात आला की सगळं विस्कटतं. त्यांना आणखी दोन आठवडे लेझीम न देता त्याच रांगेत, त्याच पावलांनी, टाळीनं खेळू द्या. टाळी वाजवणारी मुलं गावकऱ्यांना लेझमीच्या मध्ये फार सुंदर दिसतात, मुद्दाम बसवल्यासारखी. काही जण चुकत नसतात, लाजत असतात. सातवीतल्या मुली अंगानं वाढलेल्या असतात, वाकताना ओढणी सांभाळावी की लेझीम, या ओढाताणीत ठेका सुटतो. त्यांच्याशी वेगळं बोला, ट्रॅक पँट आणि सैल टी-शर्ट चालेल हे घरी निरोप पाठवून ठरवा. पाळीच्या दिवसांत नको वाटलं तर मोजणी तिनं म्हणायची, मैदानाबाहेर बसायचं नाही. आणि चुकल्यावर हसणाऱ्यांना पहिल्याच दिवशी ठामपणे सांगा की इथे हसायचं नाही. माझ्या तासात ओरडा मी फार कमी केला, पण या एका गोष्टीवर केला.

आणि एखाद्या मुलाला ऐकूच कमी येत असेल. हे सुटून जातं हो, शिक्षकांच्या नजरेतून वर्षानुवर्षं सुटतं. मागे उभं राहून हळू नावानं हाक मारा, वळून बघतोय का ते पाहा. शंका आली तर कानांची तपासणी करून घ्या. माझ्याकडे अशी एक मुलगी होती. तिला आम्ही ढोलाच्या अगदी जवळ उभं केलं, तळहात ढोलाच्या लाकडाला लावायला दिला, अनवाणी पायांना जमिनीतून धमक लागायची. तिनं शेवटी लेझीम खेळली, पहिल्या रांगेच्या मध्यभागी, कारण वाद्य तिथे होतं.

मधूनमधून एखादा तास लेझमीला पूर्ण सुट्टी द्या आणि फेराचे खेळ घ्या. झिम्मा, टिपऱ्या, फुगडी, जमलं तर गोफ. मुलगे-मुली सगळ्यांनी. झिम्मा मुलींचा आणि लेझीम मुलांची ही वाटणी मला कधीच पटली नाही. फुगडीत मुलांना पहिल्यांदा जोडीदाराचं वजन आपल्या हातात तोलावं लागतं. पाय जवळ, हातांची कैची, अंग मागे झोकलेलं. एकानं जरा ओढ कमी केली तर दुसरा पडतो. सारख्या वजनाच्या जोड्या करा, मातीवर अनवाणी घ्या, फरशीवर कधीच नाही, आणि "सोडू का?" विचारल्याशिवाय हात सोडायचा नाही हा नियम घाला. गोफाला मात्र वेळ जातो. दोऱ्या विणायला सोप्या, उलगडताना सगळा कस लागतो, कारण तीच पावलं उलट्या क्रमानं टाकायची असतात. यंदा तो राहू द्या.

मूल्यमापनाचं तुम्ही ओझरतं विचारलंत. गुण द्यायचेच असतील तर सुरुवातीच्या तासाला आणि शेवटच्या तासाला एकच गोष्ट बघा: डबा वाजतोय, मूल चालतंय, मी डबा मध्येच आठ ठोके थांबवला आणि पुन्हा सुरू केला, तेव्हा त्याचं पाऊल ठोक्यावर पडलं का? थांबलेल्या आठ ठोक्यांत ज्यानं मनात लय चालू ठेवली, त्याला ताल आला. लेझमीचे किती हात येतात यावर गुण देऊ नका.

राहता राहिल्या लेझमी. नव्या लगेच मागवू नका. मोडक्या सात आधी एका दुपारी मुलांना घेऊन दुरुस्त करा. बहुतेकांची साखळीची टोकं दांड्यातून निसटलेली असतात किंवा चकत्या गळलेल्या असतात. गावातल्या लोहाराकडे किंवा सायकलवाल्याकडे तार आणि पक्कड मिळते. दांड्याला पॉलिश पेपर मारा, कुसं तळहातात घुसतात. तारेची टोकं आत वळवा, ओठ-गाल कापतात. साखळीत बोटाची कातडी चिमटते तिथे जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. सरावाआधी रोज एक मूल सगळ्या लेझमी हलवून बघेल, असं ठरवून द्या. सैल झालेली लेझीम हातातून सुटून शेजाऱ्याच्या डोळ्याला लागलेली मी पाहिली आहे, थोडक्यात निभावलं. दुरुस्तीनंतरही कमी पडल्या तर शेजारच्या शाळेकडून मागून घ्या. जानेवारीत सगळ्यांनाच लागतात, म्हणून ते पत्र मात्र याच आठवड्यात पाठवा.